एनएचएलमधला मोठा ट्रेड: धोका कसा तोलायचा आणि कोणत्या क्रमाने

एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, एखाद्या बड्या खेळाडूचा ट्रेड झाला की टोरंटो असो, कॅल्गरी असो, न्यू जर्सी असो वा बे एरिया, हॉकी बघणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर अर्ध्या तासात निकाल लागलेला असतो. ‘आपण लुटलो गेलो’ किंवा ‘त्यांना चांगलंच गंडवलं’. हे निकाल वारंवार चुकतात, आणि चुकण्याची तऱ्हा नेहमी तीच असते. एका बाजूला आलेल्यांची नावं, दुसऱ्या बाजूला गेलेल्यांची, आणि जिकडचं नाव मोठं ती बाजू जिंकली. करार किती वर्षांचा, दुखापत कुठली, दिलेल्या ड्राफ्ट पिकला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या पाळीला) संरक्षण आहे की नाही, हे प्रश्न शेवटी येतात किंवा येतच नाहीत.

ट्रेड ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना आयपीएलमधून कळली. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या पैशांच्या मोबदल्यात गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला, तेव्हा आपण सगळ्यांनीच त्यावर मतं दिली. पण आयपीएलमध्ये काही वर्षांनी मोठा लिलाव येतो आणि बरीचशी पाटी कोरी होते. एनएचएलमध्ये ती सोय नाही. तिथे चुकलेला करार आठ-आठ वर्षं संघाच्या मानगुटीवर बसतो, आणि आज दिलेली पिक दोन वर्षांनी दुसऱ्या संघाचा आधारस्तंभ होऊन समोर उभी राहते. म्हणून इथे खेळाडूंची तुलना सगळ्यात शेवटी करायची. आधी आपला संघ, मग करार, मग शरीर, मग किंमत. हा क्रम मोडला की उरलेली मेहनत वाया जाते.

तयारी: अफवा सुरू होण्याआधी काय हाताशी हवं

ट्रेडची अंतिम मुदत साधारण मार्चच्या पहिल्या आठवड्यात असते (२०२५ मध्ये ७ मार्चला होती). त्याच्या दोन-तीन आठवडे आधीच चार गोष्टी लिहून ठेवा. बातमी फुटल्यावर शोधायला बसलात तर मन आधीच एका बाजूला झुकलेलं असतं.

पहिली गोष्ट, आपल्या संघातल्या पहिल्या दहा-बारा खेळाडूंचे करार: वर्षाचा कॅप हिट (संघाच्या पगार-मर्यादेत तो करार किती जागा खातो), शेवटचं वर्ष, आणि नो-ट्रेड किंवा नो-मूव्ह कलम (खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला हलवता न येणं) आहे का. पकपीडियासारख्या साइटवर हे सगळं मिळतं.

दुसरी, पगाराची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप. २०२४-२५ मध्ये ती ८.८ कोटी डॉलर होती, २०२५-२६ साठी ९.५५ कोटी झाली. त्यापुढच्या दोन हंगामांसाठी लीगने १०.४ कोटी आणि ११.३५ कोटी हे आकडे आधीच जाहीर केले. हे आकडे नुसते पाठ करून उपयोग नाही. कुठलाही पगार डॉलरमध्ये न वाचता कॅपच्या टक्क्यांत वाचायची सवय लावा. वर्षाला १.२ कोटी डॉलर म्हणजे ९.५५ कोटींच्या कॅपमध्ये सुमारे साडेबारा टक्के, आणि ११.३५ कोटींच्या कॅपमध्ये साडेदहा टक्क्यांच्या जरा वर. करार तोच, ओझं मात्र हलकं होत जातं. उलट २०१९ ते २०२२ या काळात कॅप ८.१५ कोटींवरच अडकून पडली होती. तेव्हा ज्यांनी मोठे करार केले त्यांच्या खांद्यावरचं ओझं तसंच राहिलं.

तिसरी, ज्याचं नाव चर्चेत आहे त्याचे गेल्या तीन हंगामांचे आकडे. एका हंगामाचे अजिबात चालणार नाहीत. पाच विरुद्ध पाच खेळताना किती गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलासाठी दिलेले पास, मिळून) आणि पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) किती, हे वेगळं काढा. शॉट्सपैकी किती टक्के गोल झाले, तेही बघा.

चौथी, आपल्या संघाकडे पुढच्या तीन ड्राफ्टच्या कोणकोणत्या पिक शिल्लक आहेत. हे बहुतेक जण टाळतात, आणि पायरी ४ मध्ये तिथेच अडकतात.

पायरी १: आपला संघ खरंच कुठे उभा आहे, ते आधी ठरवा

मोठा ट्रेड फसतो तो बऱ्याचदा समोरच्या खेळाडूमुळे नाही. स्वतःच्या संघाबद्दलचा अंदाज चुकलेला असतो. ओटावा सेनेटर्सचं २०१७ चं उदाहरण मला या बाबतीत सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं.

२०१७ च्या वसंतात, म्हणजे प्लेऑफच्या दिवसांत, ओटावा कॉन्फरन्स फायनलच्या (उपांत्य फेरीच्या) सातव्या सामन्यापर्यंत पोचला आणि पिट्सबर्गकडून दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये हरला. एका गोलाने स्टॅनली कपची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, फायनल हुकली. साहजिकच व्यवस्थापनाला वाटलं, एक मोठा सेंटर (आक्रमणात मध्यभागी खेळणारा) आणला की झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी तीन संघांच्या ट्रेडमधून कोलोरॅडोच्या मॅट डुशेनला आणलं. पण त्या गाजलेल्या हंगामाचा साधा हिशोब कुणी बघितला असता तर दिसलं असतं, की नियमित हंगामात ओटावाने केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल दोनने जास्त होते. प्लेऑफची धाव खरी होती, पण तिच्याखाली मजबूत संघ नव्हता. २०१७-१८ मध्ये ओटावा ३१ संघांत ३०वा आला.

तेव्हा आधी हे तीन प्रश्न विचारा. संपूर्ण हंगामात केलेले आणि खाल्लेले गोल यांतला फरक किती? पहिले पाच-सहा खेळाडू किती वयाचे आहेत? आणि त्यांचे करार एकाच वेळी संपताहेत का? फरक शून्याच्या आसपास असेल आणि महत्त्वाचे दोन करार पुढच्या वर्षी संपत असतील, तर तो संघ ‘एका खेळाडूने पूर्ण होणारा’ नाही, मग मागच्या वसंतात काहीही झालेलं असो.

सावधान: सलग दहा सामने जिंकले म्हणून या पायरीचं उत्तर बदलू नका. दोन हंगामांचा हिशोब धरा.

पायरी २: करार वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जी माणसं ही पायरी मनापासून करतात त्यांचे अंदाज बाकीच्यांपेक्षा कितीतरी बरे निघतात, हे मी ठामपणे सांगू शकतो.

पहिला प्रश्न: करार कधी संपतो? एनएचएलमध्ये कराराचं शेवटचं वर्ष सुरू झाल्यावरच, म्हणजे त्याआधीच्या १ जुलैपासून, खेळाडूशी मुदतवाढीचा करार करता येतो. आणि अनुभवी खेळाडूचा करार संपला की पुढच्या १ जुलैला तो मोकळा. म्हणून ‘खेळाडू मिळाला’ आणि ‘खेळाडू राहणार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरोलायना हरिकेन्सने मार्च २०२४ मध्ये जेक गेंटझेलला पिट्सबर्गकडून आणलं, संघ दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्क रेंजर्सकडून हरला, आणि उन्हाळ्यात गेंटझेल सात वर्षांच्या करारावर टॅम्पा बेला गेला. कॅरोलायनाच्या हाती त्याच्या हक्कांपोटी तिसऱ्या फेरीची एक पिक उरली.

दुसरा प्रश्न: मुदतवाढ ट्रेडबरोबरच ठरली आहे का? जुलै २०२२ मध्ये मॅथ्यू कचकने आपल्या कॅल्गरी संघाला कळवलं होतं की तो दीर्घ करार करणार नाही. फ्लोरिडा पँथर्सने त्याला घेतलं ते आठ वर्षं, वर्षाला ९५ लाख डॉलर असा करार त्याच सौद्यात बांधून. सौद्याच्या दिवशी फ्लोरिडाला ठाऊक होतं की हा माणूस २४ व्या वर्षापासून पुढची आठ वर्षं आपला आहे. मोठ्या ट्रेडमधला अर्धा धोका तिथेच मिटला.

तिसरा: पगाराचा काही भाग जुना संघ उचलतो आहे का? एखादा संघ खेळाडूच्या पगाराचा जास्तीत जास्त ५० टक्के भाग स्वतःकडे ठेवू शकतो, आणि असे तीनच करार एका वेळी सांभाळू शकतो. याचा अर्थ असा की आज स्वस्त दिसणारा खेळाडू पुढच्या करारात पूर्ण किमतीला मिळणार. फक्त आजचा कॅप हिट बघून ‘काय स्वस्तात आणला’ म्हणू नका.

चौथा: कलमं. कुठल्या संघांना तो नाही म्हणू शकतो? ही गोष्ट आज विकत घेताना क्षुल्लक वाटते, पण उद्या विकायची वेळ आली की तीच दार अडवते.

सावधान: जुने डावपेच नव्या नियमांत चालत नाहीत. जखमी खेळाडूचा पगार कॅपबाहेर ठेवायचा आणि प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला त्याला उतरवायचं, ही वाट २०२५-२६ पासून बंद झाली. आता प्लेऑफमध्ये उतरणाऱ्या खेळाडूंचा एकत्र कॅप हिटही मर्यादेत बसावा लागतो. एकाच कराराचा भाग दुसऱ्या संघाने उचलायचा असेल तर मध्ये ७५ दिवस जावे लागतात. आणि सप्टेंबर २०२६ पासून स्वतःच्या खेळाडूला आठऐवजी जास्तीत जास्त सात वर्षं देता येतील, बाहेरच्याला सातऐवजी सहा.

तपासा: टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही. डॅलस, टॅम्पा किंवा फ्लोरिडा पँथर्सच्या १.२ कोटींची टोरंटोच्या १.२ कोटींशी सरळ तुलना केलीत तर हातात पडणारा पगार चुकीचा मोजाल.

पायरी ३: वय, शरीर आणि आकड्यांमागचा माणूस

आता खेळाडूकडे वळा, पण अजून त्याची कुणाशीही तुलना करू नका.

कचकच्या बदल्यात कॅल्गरीला मिळाले जोनाथन ह्युबर्डो, बचावपटू मॅकेन्झी वीगर, एक तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीची पिक. त्या दिवशी बऱ्याच जणांनी कॅल्गरीची पाठ थोपटली, आणि एका अर्थी ते योग्यही होतं. त्यांचा जॉनी गॉड्रो काही दिवसांपूर्वीच मोबदल्याशिवाय निघून गेला होता आणि कचकही जाणार होता. अशा अडचणीत ह्युबर्डोसारखा, नुकतेच ११५ गुण केलेला खेळाडू मिळणं मोठं होतं. घोटाळा पुढे झाला. त्याला लगेच आठ वर्षांची, वर्षाला १.०५ कोटी डॉलरची मुदतवाढ दिली गेली, आणि ती लागू होणार होती त्याच्या तिसाव्या वर्षापासून. पहिल्याच हंगामात त्याचे गुण ५५ वर आले.

११५ गुणांत ८५ असिस्ट होते. म्हणजे पासवर गोल करणारे दुसरे होते, आणि फ्लोरिडा त्या हंगामात लीगमधला सर्वाधिक गोल करणारा संघ होता. याचा अर्थ ह्युबर्डो वाईट खेळाडू असा होत नाही. त्याचा आकडा त्याचा एकट्याचा नव्हता, एवढंच. म्हणून प्रत्येक खेळाडूपुढे लिहा: यातले किती गुण तो सोबत आणेल आणि किती मागे ठेवून येईल? कुणाबरोबर खेळत होता, पॉवर प्लेवर कुठे उभा राहायचा, नव्या संघात ती जागा मोकळी आहे का? गोल करणारा असेल तर त्याच्या शॉट्सपैकी गोल झालेल्यांची टक्केवारी स्वतःच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा अचानक वर गेली आहे का? तशी असेल तर ती परत खाली येईल असं धरूनच हिशोब करा.

वयाचा साधा नियम: करार सुरू होताना खेळाडू किती वर्षांचा असेल ते बघा, ट्रेडच्या दिवशी किती वर्षांचा आहे ते नाही. कचक आणि ह्युबर्डो यांच्यात सुमारे साडेचार वर्षांचं अंतर होतं. आठ वर्षांच्या करारात ते अंतर सगळं काही ठरवतं.

शरीराबाबत दोन उदाहरणं शेजारी ठेवा. एरिक कार्लसन सप्टेंबर २०१८ मध्ये ओटावाहून सॅन होजेला गेला. त्याआधी त्याच्या पायाची शस्त्रक्रिया झाली होती. पहिल्या हंगामात जांघेच्या दुखापतीमुळे तो ५३ सामनेच खेळला, तरी जून २०१९ मध्ये त्याला आठ वर्षं, वर्षाला १.१५ कोटी असा करार मिळाला, म्हणजे तेव्हाच्या गोठलेल्या कॅपच्या १४ टक्के. त्यानंतर २०२५ पर्यंत सॅन होजे एकदाही प्लेऑफमध्ये पोचला नाही. २०२२-२३ मध्ये कार्लसनने १०१ गुण करून सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी जिंकली, आणि तरीही संघ तळालाच राहिला.

दुसरं उदाहरण बफलोच्या जॅक आयकलचं. मानेच्या चकतीची दुखापत. बफलोच्या डॉक्टरांना मणके जोडायची शस्त्रक्रिया हवी होती, आयकलला कृत्रिम चकती बसवून घ्यायची होती. एनएचएलमध्ये तोवर कुणी खेळाडू अशा शस्त्रक्रियेनंतर परतला नव्हता. व्हेगासने ४ नोव्हेंबर २०२१ ला त्याला घेतलं आणि त्याच्या पसंतीच्या शस्त्रक्रियेला संमती दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो बर्फावर उतरला, आणि २०२३ मध्ये व्हेगासने कप जिंकला तेव्हा प्लेऑफमध्ये सर्वाधिक, २६ गुण त्याचे होते.

दोन्ही ठिकाणी शरीराचा धोका मोठाच होता. फरक असा की आयकल त्या वेळी २५ वर्षांचा होता, त्याचा करार आधीच ठरलेला होता, आणि व्हेगासने कुठला धोका घेतोय ते ओळखून किंमत त्या मानाने कमी दिली होती. दुखापत दिसली की ‘नको’ म्हणणं सोपं आहे. ती किमतीत उतरली आहे का, हा खरा प्रश्न.

पायरी ४: किंमत मोजा, आणि पिक वाईट वर्षाच्या भावाने मोजा

इथली ठरलेली चूक अशी: ‘आपण तर प्लेऑफमध्ये जाणार, म्हणजे पिक विसाव्या क्रमांकानंतरची, जाऊ दे.’ पिक जेव्हा खरोखर वापरली जाईल त्या वर्षी तुमचा संघ कसा असेल, हे तुम्हाला आज माहीत नाही. म्हणून तिचा भाव संघ कोसळला तर काय होईल हे धरून करा.

टोरंटोने २००९ मध्ये फिल केसलसाठी बॉस्टनला पहिल्या फेरीच्या दोन पिक दिल्या. २०१० ची निघाली दुसऱ्या क्रमांकाची, टायलर सेगिन. २०११ ची नवव्या क्रमांकाची, डगी हॅमिल्टन. टोरंटोच्या आपल्या मंडळींना ही जखम सांगावी लागत नाही. सॅन होजेने कार्लसनसाठी दिलेली २०२० ची पिक तिसऱ्या क्रमांकाची ठरली आणि ओटावाने त्यावर टिम श्टुट्झले घेतला.

संरक्षण म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. ‘पहिल्या दहात आली तर पिक आम्ही ठेवू’ ही नेहमीची अट. व्हेगासने आयकलसाठी दिलेल्या २०२२ च्या पिकला ती होती. संघ अनपेक्षितपणे प्लेऑफ हुकला, पिक सोळावी आली, बफलोकडे गेली. नुकसान आटोक्यात राहिलं.

पण संरक्षण बहुतेक वेळा पिक वाचवत नाही, एक वर्ष पुढे ढकलतं. ओटावाने डुशेनसाठी दिलेल्या २०१८ च्या पिकलाही पहिल्या दहाचं संरक्षण होतं. संघ तळाला गेला, पिक चौथी आली, त्यांनी ती ठेवली आणि ब्रेडी कचकला निवडलं. उत्तम निवड. पण मग २०१९ ची पिक द्यावीच लागणार होती, तिला कसलंच संरक्षण नव्हतं, आणि त्या वर्षी ओटावा लीगमध्ये शेवटचा आला. तीही पिक चौथी निघाली. कोलोरॅडोने बोवेन बायरम घेतला, जो २०२२ मध्ये कप जिंकणाऱ्या संघात होता. डुशेन तोवर कोलंबसला गेलेला होता.

तपासा: अट वाचताना तीन प्रश्न. पिक ठेवली तर पुढच्या वर्षीचीला संरक्षण आहे का? नसेल तर पुढच्या वर्षी आपले कुठले करार संपताहेत? आणि निवड कुणाच्या हातात आहे, देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या?

तरुण खेळाडूंबाबत एकच सांगतो. पहिल्या करारावर असलेला, वर्षाला साधारण १० लाख डॉलर मूळ पगारात दुसऱ्या फळीत खेळणारा मुलगा देणं म्हणजे खेळाडूबरोबर कॅपमधली मोकळी जागाही देणं. ती जागा भरायला बाजारात किती मोजावे लागतील, तो आकडा किमतीत मिळवा.

पायरी ५: जागा बसते का

ही पायरी लवकर उरकते, पण वगळू नका. २०१६ मध्ये एडमंटनने टेलर हॉलला न्यू जर्सीला दिलं आणि बदल्यात एकटा बचावपटू ॲडम लार्सन घेतला. नावांच्या तराजूत हा सौदा हास्यास्पद वाटला, आणि २०१८ मध्ये हॉलने लीगच्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी जिंकल्यावर तो आणखीच वाईट दिसला. तरी एडमंटनची उजव्या बाजूच्या बचावपटूची गरज खरी होती, आणि पुढच्याच हंगामात संघ २००६ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये गेला. माझ्या मते किंमत जास्तच गेली, पण गरज ओळखण्यात चूक नव्हती. या दोन गोष्टींना वेगवेगळे गुण द्या.

पायरी ६: तीन रकाने आणि बाहेर पडायचं दार

आता कागदावर तीन रकाने आखा: चांगलं झालं तर, मधलं झालं तर, वाईट झालं तर. प्रत्येकाखाली दोन वर्षांनी संघाकडे काय असेल तेवढंच लिहा. मग वाईट रकान्यापुढे लिहा: यातून बाहेर कसे पडणार, आणि कुठल्या तारखेपर्यंत?

कॅरोलायनाने २४ जानेवारी २०२५ ला कोलोरॅडोच्या मिको रँटानेनला घेतलं, तो सौदा या पद्धतीने तपासून बघू. कोलोरॅडोला गेले मार्टिन नेचस, जॅक ड्रुरी, दुसऱ्या आणि चौथ्या फेरीची एकेक पिक. सौद्यातला तिसरा संघ शिकागो, त्याने रँटानेनच्या ९२.५ लाखांच्या पगाराचा अर्धा भाग उचलला, आणि टेलर हॉलही कॅरोलायनाला आला. रँटानेनचा करार त्याच उन्हाळ्यात संपणार होता. मुदतवाढ ठरलेली नव्हती.

चांगला रकाना: तो राहतो, आठ वर्षं. मधला: वसंतात खेळतो, जुलैमध्ये निघून जातो, गेंटझेलची पुनरावृत्ती. वाईट: त्याला तिथे करमत नाही, खेळ बसत नाही, राहायची तयारी नाही.

वाईट रकानाच खरा ठरला. १३ सामन्यांत त्याचे सहा गुण झाले आणि करार काही जमेना. पण कॅरोलायनाने त्याला जानेवारीत घेतलं होतं, मार्चमध्ये नाही. अंतिम मुदतीला अजून सहा आठवडे होते, आणि ते सहा आठवडे हेच दार होतं. ७ मार्चला त्यांनी त्याला डॅलसला दिलं आणि लोगन स्टॅन्कोव्हन, अटींसह पहिल्या फेरीच्या दोन पिक आणि तिसऱ्या फेरीच्या दोन पिक घेतल्या. त्या वसंतात ते कॉन्फरन्स फायनलपर्यंतही गेले. हाच सौदा त्यांनी ६ मार्चला केला असता तर वाईट रकान्यात ‘काहीच नाही’ लिहावं लागलं असतं. तारीख हा किमतीइतकाच मोठा घटक आहे, आणि चर्चेत तिचा उल्लेख क्वचित होतो.

आता कोलोरॅडोच्या बाजूने बघा. त्यांनी खेळाडू पूर्वेकडच्या संघाला दिला होता, म्हणजे स्वतःच्या वाटेत तो सहसा येणार नाही. सहा आठवड्यांत तो त्यांच्याच विभागातल्या डॅलसमध्ये पोचला, आठ वर्षं आणि वर्षाला १.२ कोटींच्या करारासह. पहिल्या फेरीत कोलोरॅडो आणि डॅलस समोरासमोर आले, आणि सातव्या सामन्याच्या तिसऱ्या सत्रात रँटानेनने तीन गोल करून आपल्याच जुन्या संघाला बाहेर काढलं.

सावधान: विकणाऱ्या संघाचा वाईट रकाना लिहिताना ‘तो खेळाडू आपल्याच विभागात परतला’ ही ओळ न विसरता घाला. विकलेला माणूस पुढे कुठे जाईल यावर तुमचा ताबा नसतो.

वाईट रकान्यात दारच सापडत नसेल (मुदत संपलेली, करार लांब, वर नो-मूव्ह कलम), तर चांगल्या रकान्यात कप असल्याशिवाय त्या सौद्याला होकार देऊ नका. आणि कपच्या जवळ आहात की नाही, याचं उत्तर पायरी १ मध्ये आधीच लिहिलेलं आहे. आता ते बदलायचा मोह होईल, बदलू नका.

पायरी ७: जाहीर झालेला सौदाही पक्का समजू नका

मार्च २०२२ मध्ये व्हेगासने येव्गेनी डाडोनोव्हला अ‍ॅनाहाइमला दिल्याचं जाहीर झालं. नंतर उघड झालं की त्याच्या करारात दहा संघांची नकार-यादी होती आणि अ‍ॅनाहाइम त्या यादीत होता. दोन दिवसांनी लीगने ट्रेड रद्द केला. जो पगार कमी करून कॅपमध्ये जागा करायची होती तो परत अंगावर आला, आणि व्हेगास त्या हंगामात प्लेऑफला मुकला.

म्हणून बातमी आली की हा क्रम धरा: नकार-यादी किंवा कलम माफ केल्याची खात्री, मग वैद्यकीय तपासणी, मग लीगची मंजुरी. तिन्ही झाल्याशिवाय हिशोबाच्या वहीत शाईने काही लिहू नका. तुम्ही फँटसी लीग खेळत असाल तर हे दुप्पट लागू.

पायरी ८: निकाल कधी लावायचा

तीन तारखा ठरवून ठेवा. पहिली, पुढची १ जुलै: खेळाडू राहिला का, कितीला राहिला, आणि तो कॅपच्या किती टक्के. कोलोरॅडोला मिळालेल्या नेचसची खरी किंमत ट्रेडनंतर नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये कळली, जेव्हा त्याने वर्षाला १.१५ कोटींचा आठ वर्षांचा करार केला. ‘स्वस्त पर्याय’ म्हणून घेतलेला खेळाडू रँटानेनपेक्षा वर्षाला फक्त पाच लाखांनी स्वस्त राहिला.

दुसरी तारीख, दिलेली शेवटची पिक वापरली जाईल त्या ड्राफ्टचा दिवस. तोवर त्या पिकपुढची जागा कोरी ठेवा, अंदाजाने नाव घालू नका.

तिसरी, कराराचं चौथं वर्ष. तेव्हा खेळाडूचं वय, कॅप हिटची टक्केवारी आणि त्या वर्षाचे पाच विरुद्ध पाचचे गुण एका ओळीत लिहा, आणि सौद्याच्या दिवशी भरलेल्या तीन रकान्यांशेजारी ठेवा. कुठला रकाना खरा ठरला त्यावर खूण करा, आणि तो कुठल्या पायरीवर चुकला तेही बाजूला नोंदवा: संघाचा अंदाज, करार, शरीर, की पिक. चार-पाच ट्रेडच्या अशा नोंदी झाल्या की आपण स्वतः नेमके कुठल्या पायरीवर घसरतो ते दिसू लागतं, आणि पुढच्या वेळी त्याच पायरीपासून तपासायला सुरुवात करता येते.